आईनं लिहून घेतलेलं गाणं

आई-बाबांनो,

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असं एक मूल असतं. जेवताना ताटावर बोटं वाजवतं. आंघोळीला गेलं की लवकर बाहेर येत नाही. शाळेतल्या कवितेची चाल बदलून म्हणतं, आणि मधूनच कुठून तरी कुणीही न शिकवलेली एखादी ओळ गुणगुणायला लागतं. ‘कुणाचं गं हे गाणं?’ असं विचारलं तर म्हणतं, ‘माझंच.’

त्या ‘माझंच’बद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे.

मी गाणं शिकवते. सुरेल गळ्याचं काय करायचं हे आपल्या घरांना आता चांगलं ठाऊक झालंय. क्लास लावायचा, गांधर्वच्या परीक्षा द्यायच्या, गणेशोत्सवातल्या स्पर्धेत उतरवायचं आणि जमलं तर टीव्हीवरच्या कार्यक्रमाच्या ऑडिशनला न्यायचं. या सगळ्यात मुलांनी मोठ्यांची गाणी मोठ्यांसारखी म्हणायची असतात. जितकी हुबेहूब, तितके गुण जास्त. ते शिक्षणही हवंच, मी स्वतः तेच देते. पण जे मूल स्वतः रचतं, शब्द आणि चाल एकदम घेऊन येतं, त्याला या वाटेवर कुणीच विचारत नाही की बाळा, तुझं स्वतःचं काय आहे? आईवडीलही गोंधळतात. कौतुक करावं की अभ्यासाला बसवावं, हेच कळत नाही.

अशा आईवडिलांना मी डॉली पार्टनच्या घराबद्दल सांगते. डॉली पार्टन ही अमेरिकेतल्या कंट्री संगीतातली फार मोठी गायिका, आणि त्याहून मोठी गीतकार-संगीतकार. स्वतःची गाणी स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, स्वतः गाते. आतापर्यंत तीन हजारांच्या आसपास गाणी लिहिल्याचं ती सांगते. तिच्या प्रसिद्धीपेक्षा मला तिचं बालपण जास्त मोलाचं वाटतं, कारण त्या बालपणातली मोठी माणसं तुमच्या-माझ्यासारखीच साधी होती. किंबहुना आपल्यापेक्षाही फार कमी जवळ असलेली.

पूर्व टेनेसीमध्ये ग्रेट स्मोकी डोंगररांगांच्या कुशीत सेव्हियर परगणा आहे. तिथे एका खोलीच्या लाकडी घरात 19 जानेवारी 1946 रोजी डॉलीचा जन्म झाला. बारा भावंडांतली ही चौथी. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टर रॉबर्ट थॉमस यांना द्यायला घरात पैसे नव्हते, म्हणून वडिलांनी त्यांना मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. वडील रॉबर्ट ली पार्टन तंबाखूची शेती करायचे, मिळेल ती मजुरीही करायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आई एव्ही ली पंधराव्या वर्षी लग्न होऊन आलेली. पस्तिशीपर्यंत तिची बारा बाळंतपणं झाली होती आणि ती वरचेवर आजारी असायची.

मक्याचे दाणे काढून झाले की उरलेल्या कणसाची बाहुली करायची, हा तिथल्या गरीब घरांतला खेळ. डॉलीसाठी अशी एक बाहुली केली होती. तिला मक्याच्याच रेशमी तुऱ्याचे केस होते. डॉली तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिला अजून लिहिता येत नव्हतं. तिनं त्या बाहुलीवर एक गाणं रचलं आणि आईला म्हणून दाखवलं. आईनं ते कागदावर लिहून घेतलं. ‘लिटल टायनी टॅसलटॉप’ हे त्या गाण्याचं नाव. डॉली आजही मुलाखतींत तिचं पहिलं गाणं म्हणून त्याचंच नाव घेते.

इथे जरा थांबा आणि त्या घराची कल्पना करा. पाठोपाठची मुलं, वीज नाही, पाणी बाहेरून आणायचं, चुलीचं काम, स्वतःची तब्येत अशी. त्यात एक मुलगी येऊन कणसाच्या बाहुलीचं गाणं म्हणते. ‘हो गं, छान आहे, जा खेळ’ म्हणून आईनं ते सोडून दिलं असतं तरी तिला कोण नावं ठेवणार होतं? तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मुलीच्या तोंडचे शब्द तसेच्या तसे उतरवले. लिहिता न येणाऱ्या त्या पोरीला त्या दिवशी काय कळलं असेल? मी हवेत बोलले ते कागदावर राहू शकतं. माझे शब्द जपून ठेवण्याच्या लायकीचे आहेत. पुढे आयुष्यभर ती लिहीत राहिली त्याचं एक मूळ या प्रसंगात आहे, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे याची एक उलटी आणि तितकीच सुंदर गोष्ट घडलेली आहे. आसोद्यात जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गात, आणि त्यांचा मुलगा सोपानदेव व नात्यातले एक जण ते वहीत उतरवून घेत. 1951 साली बहिणाबाई गेल्या, आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपानं आली. ती उतरवून घेतली नसती तर आज आपल्या पाठ्यपुस्तकात बहिणाबाई नसत्या. खानदेशात मुलानं आईचं लिहून घेतलं, टेनेसीत आईनं मुलीचं. दोन्ही ठिकाणी लिहिणाऱ्यानं एक गोष्ट कटाक्षानं पाळली. बोलणाऱ्याची बोली तशीच ठेवली.

तुम्ही लिहून घ्याल तेव्हा हेच पाळा, एवढी माझी विनवणी आहे. मूल ‘चांदोबा मला हाका मारून ऱ्हायला’ म्हणालं तर तसंच लिहा. यमक जुळत नसेल तर जुळवून देऊ नका. ‘इथे हा शब्द जास्त शोभेल’ असं म्हणालात की ते गाणं तुमचं झालं. तारीख घाला आणि वही मुलाच्या हाती लागेल अशी ठेवा. फोनवर ध्वनिमुद्रण केलंत तरी उत्तम, फक्त ते लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. चार मावश्या आणि सहा काकांचे अंगठे आले की मूल पुढचं गाणं अंगठ्यांसाठी रचायला लागतं.

डॉलीच्या घरी गाणी नुसती लिहून घेतली जात नव्हती, तिथे ती सतत गायलीही जात होती. इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या पूर्वजांनी त्या डोंगरांत आणलेली जुनी कथागीतं आईला तोंडपाठ होती. त्यातली पुष्कळशी मरणाची, ताटातुटीची, फसवल्या गेलेल्या मुलींची. मुलांसमोर दुःखाची गाणी म्हणू नयेत, असं त्या आईला कधी वाटलं नाही. आईचे वडील जेक ओवेन्स धर्मोपदेशक होते. त्यांच्या चर्चमध्ये हात वर करून, टाळ्या वाजवत, ओरडून गायचं असे. डॉली सहा वर्षांची असल्यापासून तिथे गायची. आईच्या माहेरचं जवळजवळ प्रत्येक माणूस काही ना काही वाजवायचं. घरी आलं की तंबाखूची पानं वाळत घालायची काठी व्हरांड्याच्या फळ्यांच्या फटीत रोवायची, तिच्यावर पत्र्याचा डबा उपडा घालायचा, की झाला मायक्रोफोन. प्रेक्षक म्हणजे धाकटी भावंडं आणि अंगणातल्या कोंबड्या.

आपल्याकडे मूल गायला लागलं की घरातली मोठी माणसं गाणं थांबवतात आणि परीक्षक होतात. आजीला ओव्या येत असतील, बाबांना भजनाच्या चाली येत असतील, आईला शाळेतल्या प्रार्थना आठवत असतील. स्वयंपाक करताना म्हणा ना. बेसूर असाल तरी म्हणा. रचणाऱ्या मुलाला शब्दांचा आणि चालींचा साठा लागतो, आणि तो क्लासच्या एका तासात भरत नाही.

आता एक गैरसमज. गरिबीतूनच कलावंत घडतो, दुःखाशिवाय गाणं येत नाही, असं आपण फार सहज बोलतो. मला ते अजिबात पटत नाही. त्या घरात मोठ्या मुलांपैकी एकेकाकडे धाकट्या बाळाला सांभाळायचं काम असे, ‘हे बाळ तुझं’ म्हणून. 1955 साली लॅरी होणार होता तेव्हा तो डॉलीचा ठरला होता. लॅरी जन्मला आणि लगेच गेला. नऊ वर्षांच्या मुलीनं ते दुःख कुणाच्याही आधाराशिवाय सोसलं असेल, कारण आई स्वतःच खचलेली होती. असलं काही मुलाच्या वाट्याला यावं म्हणजे त्याची कला फुलेल, असं कोणत्या आईवडिलांना म्हणवेल? दुःख सगळ्यांना होतं. त्याचं गाणं व्हायला शब्द हाताशी असावे लागतात आणि ऐकणारं कुणीतरी असावं लागतं.

डॉलीच्या एका कोटाची हकिगत बघा. हिवाळा आला, मुलीला अंगावर घालायला काही नव्हतं. कुणीतरी दिलेल्या चिंध्या जोडून आईनं कोट शिवला, आपल्याकडे आजी गोधडी शिवते तसाच तुकड्याला तुकडा जोडून. शिवता शिवता तिनं बायबलमधल्या योसेफाची गोष्ट सांगितली. त्याच्या वडिलांनी त्याला रंगीबेरंगी झगा दिला होता, तो सगळ्यांत लाडका होता. मुलगी तो कोट घालून मिरवत शाळेत गेली आणि मुलं तिला हसली. तिचा जीव इतका दुखावला की वर्षानुवर्षं ती त्यावर बोलत नसे.

1969 साली, तेवीस वर्षांची असताना, गायनाच्या दौऱ्यावर बसमध्ये तिला त्या कोटाचं गाणं सुचलं. कागद नव्हता म्हणून सहकलाकाराचे कपडे ड्रायक्लीन करून आले होते त्यांच्या पावतीवर तिनं ते लिहिलं. ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ 1971 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि 2011 साली अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयानं राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात त्याची नोंद केली. मुलं हसली हे दुःख. पण त्या दुःखाचं गाणं झालं ते आईनं सुईदोऱ्याबरोबर गोष्टही ओवली म्हणून. गोष्ट सांगितली नसती तर ती नुसती चिंध्यांची आठवण उरली असती. आपण मुलांना ब्रँडचे कपडे घेतो आणि गोष्ट सांगायला वेळ नाही म्हणतो, तेव्हा मला हटकून ती आई आठवते.

आईनंतरचा महत्त्वाचा माणूस म्हणजे मामा. बिल ओवेन्स. भाची आठ वर्षांची असताना त्यानं तिला पहिला खरा गिटार आणून दिला. त्याआधी ती एका जुन्या मोडक्या मेंडोलिनला दोन तारा लावून वाजवायची. मामा स्वतः गाणारा, गाणी लिहिणारा, पण फारसं नाव नसलेला. भाचीत काय आहे ते त्यानं ओळखलं. नॉक्सव्हिल शहरात कॅस वॉकर नावाच्या किराणा दुकानांच्या मालकाचा रेडिओ-टीव्ही कार्यक्रम असे. तिथे मामा तिला घेऊन गेला, आणि दहाव्या वर्षापासून ती तिथे गायला लागली. सुट्टीच्या दिवशी जुन्या गाडीतून तो तिला तीनशेहून जास्त किलोमीटरवरच्या नॅशव्हिलला नेई. दोघं गाडीतच झोपत, पेट्रोल पंपावर तोंड धुवत आणि गाण्याच्या कंपन्यांची दारं ठोठावत.

1959 साली ल्युझियानातल्या लेक चार्ल्स गावच्या गोल्डबँड या छोट्या कंपनीनं तिची पहिली तबकडी काढली. ‘पपी लव्ह’ हे गाणं मामा-भाचीनं मिळून लिहिलं होतं. ते ध्वनिमुद्रित करायला आजी तिच्याबरोबर बसनं गेली होती, सुमारे तीस तासांचा प्रवास करून. त्याच वर्षी, तेरा वर्षांची असताना, कंट्री संगीतातल्या मानाच्या, नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीच्या मंचावर ती उभी राहिली आणि गायक जॉनी कॅशनं तिची ओळख करून दिली.

आता ऐका. ‘पपी लव्ह’ चाललं नाही. 1962 मध्ये मर्क्युरी या मोठ्या कंपनीनं एक तबकडी काढली, तीही चालली नाही. आपल्याकडे तेराव्या वर्षी मूल टीव्हीवर दिसलं की घरचे सगळे श्वास रोखून बसतात, आणि पुढच्या वर्षी कुणी बोलावलं नाही की घरावर सुतकी कळा येते. मुलाला वाटतं, संपलं आपलं. डॉलीच्या घरी असं झालं नाही, कारण तिच्या गाण्यावर घराचा संसार चालत नव्हता. आईवडिलांनी तिला कमावती केली नव्हती. ऑप्रीवरून परत आल्यावर ती पुन्हा शाळेत जात होती, शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवत होती. 1964 साली ती बारावी उत्तीर्ण झाली, तिच्या घरातलं शालेय शिक्षण पुरं करणारं पहिलं माणूस. त्या समारंभात प्रत्येकानं पुढे काय करणार ते सांगायचं होतं. तिनं सांगितलं की मी नॅशव्हिलला जाऊन मोठी कलाकार होणार. सगळं सभागृह हसलं. दुसऱ्याच दिवशी ती नॅशव्हिलच्या बसमध्ये बसली.

दहावी-बारावीच्या वर्षी गाणं बंद, असं मला बरेच पालक सांगतात. काही जण याच्या नेमकं उलट, शाळाच सोडवतात. या दोन्हींच्या मधे पार्टन कुटुंब उभं आहे, ज्यातल्या बापाला अक्षरओळख नव्हती. शाळा चालू राहिली आणि गाणंही चालू राहिलं. अठराव्या वर्षी ती निघाली तेव्हा तिच्या हातात शाळेचा दाखला होता आणि पाठीशी निदान दहा वर्षांचा गाण्याचा सराव.

नॅशव्हिलमधली पहिली वर्षं उपासमारीचीच होती. हॉटेलात फुकट मिळणाऱ्या सॉस-मोहरीच्या पुड्या पाण्यात कालवून त्याचं सूप करून प्यायल्याचं, हॉटेलच्या खोल्यांबाहेर ठेवलेल्या ताटांतलं उरलंसुरलं खाल्ल्याचं तिनं स्वतः सांगितलं आहे. मूल शहरात गेलं की ‘सगळं छान आहे’ म्हणतं, तेव्हा त्याला दोन वेळचं जेवण मिळतंय का हे विचारा. फोनवर विचारू नका, जाऊन बघा.

तिथे मॉन्युमेंट नावाच्या कंपनीनं तिला घेतलं, पण तिचा उंच, बारीक, पोरसवदा आवाज कंट्रीला चालणार नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिला पॉप गायला लावलं. ते चाललं नाही. दरम्यान तिनं आणि मामानं लिहिलेलं एक गाणं बिल फिलिप्स या गायकानं 1966 मध्ये गायलं आणि ते गाजलं. त्या तबकडीत मागे साथीला डॉलीचा आवाज होता, तबकडीवर तिचं नाव नव्हतं. लोक विचारायला लागले, ही मागे गाणारी मुलगी कोण? मग कंपनीनं तिला कंट्री गाऊ दिलं. म्हणजे दार उघडलं ते तिच्या लेखणीनं. गळ्यावर शंका घेणाऱ्यांपुढे तिची गाणी उभी राहिली. नुसत्या गळ्याच्या जोरावर आलेल्या मुलीला तिथे ‘आवाज बदल’ म्हटलं असतं तर ती बदलत बसली असती. हे मी सगळ्या पालकांना सांगते, विशेषतः ज्यांच्या मुलींचा आवाज ‘टीव्हीला चालणारा नाही’ असं कुणी बोलून गेलंय त्यांना.

1967 साली पोर्टर वॅगनर या मोठ्या गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात तिला जागा मिळाली. आधीच्या गायिकेच्या जागी ही आली होती, आणि सुरुवातीला प्रेक्षक हिच्यासमोर आधीच्या गायिकेच्या नावानं ओरडत. पुढे हळूहळू तेच प्रेक्षक हिचे झाले. 1971 मध्ये ‘जोशुआ’ हे तिचं गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मग ‘जोलीन’ आलं. तोवर वॅगनरच्या छायेतून बाहेर पडायची वेळ झाली होती, आणि तो सोडायला तयार नव्हता. भांडून उपयोग होईना, तेव्हा ती घरी गेली, एक गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर बसून म्हटलं. तो रडला आणि म्हणाला, जा. ते गाणं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’. 1974 मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

या गाण्याची पुढची हकिगत प्रत्येक पालकानं कान देऊन ऐकावी. एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं. कोणत्याही गीतकारासाठी याहून मोठा मान नव्हता. पण एल्व्हिसचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यानं अट घातली की गाण्याच्या प्रकाशन-हक्कातला अर्धा वाटा आम्हाला द्यायचा. डॉली अठ्ठावीस वर्षांची. ती रात्रभर रडली आणि नाही म्हणाली. लोकांनी तिला वेड्यात काढलं. 1992 साली ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टननं ते गाणं गायलं. ते अमेरिकेच्या मुख्य यादीत सलग 14 आठवडे पहिलं राहिलं, आणि गीतकार म्हणून त्याचे सगळे हक्क डॉलीकडे होते.

हे धाडस एका रात्रीत आलं नव्हतं. विशीतच मामाबरोबर तिनं गाण्यांच्या हक्कांसाठी स्वतःची प्रकाशन कंपनी काढली होती. माझी गाणी माझ्या घरची आहेत, ही समज तिला लहानपणापासूनच होती.

आपल्याकडे मुलाच्या हक्कांचा कागद बहुतेक वेळा आईवडीलच सही करतात, कारण भारतीय करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला स्वतः करार करता येत नाही. कुणी ‘अल्बम काढू’ म्हणतं, कुणी ‘आमच्या चॅनेलवर टाकू’ म्हणतं, आणि आपण आनंदाच्या भरात न वाचता सही करतो. कागदावर ‘सर्व हक्क कायमचे हस्तांतरित’ असे शब्द असतील तर थांबा. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीनं गीतकाराला आणि संगीतकाराला मोठं संरक्षण दिलंय. गाणं ध्वनिमुद्रणात वा चित्रपटात वापरलं गेलं तरी पुढच्या वापरातून मिळणाऱ्या मानधनातला त्यांचा वाटा त्यांना सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा हक्कवसुली करणाऱ्या संस्थेलाच देता येतो. रचनेवरचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं टिकतो. सही करण्याआधी हे कळणाऱ्या वकिलाला शंभर प्रश्न विचारा. आणि मुलाला शेजारी बसवून विचारा. गाणं त्याचं आहे.

तुमच्या मनातला एक प्रश्न मला दिसतोय. हे सगळं आम्ही केलं तर आमची मुलगी प्रसिद्ध होईल का?

तो शब्द मला देता येणार नाही. त्याच आईनं तीच कथागीतं सगळ्या मुलांसमोर म्हटली होती. त्यातली बरीच जण गाणारी निघाली. धाकटी बहीण स्टेला हिची गाणी सत्तरच्या दशकात कंट्रीच्या यादीत आली, इतर भावंडंही गायली, वाजवली. पण जगभर नाव झालं ते एकीचं. म्हणून आईचं इतरांसाठी गायलेलं वाया गेलं का? ज्या घरात सगळी मुलं एकत्र गात होती, त्या घराला गाण्यानं काय दिलं, ते यादीतल्या क्रमांकावरून कसं कळणार? प्रसिद्धी आईवडिलांच्या हातातली नाही. मूल रचतं हे ऐकणं मात्र पूर्णपणे त्यांच्या हातातलं आहे.

वडिलांबद्दल मी अजून फार बोलले नाही. गाण्याचं कौतुक करायची भाषा त्यांना येत नव्हती. 1987 साली सेव्हियरव्हिलच्या न्यायालयासमोर डॉलीचा पुतळा उभारला. ती सांगते की वडील रात्री उशिरा गाडीत साबणाच्या पाण्याची बादली घेऊन जायचे आणि पुतळ्यावरची कबुतरांची घाण धुऊन काढायचे. आपल्याकडचे कितीतरी बाबा असेच आहेत. गाण्यातलं कळत नाही म्हणून कोपऱ्यात उभे राहतात, रिक्षाचे पैसे देतात, कार्यक्रमानंतर पेटी उचलतात. मुलांना हे दिसतं, बाबा. खूप वर्षांनी बोलतील, पण दिसतं.

वडिलांना वाचता येत नव्हतं याची खंत डॉलीला कायम राहिली. 1995 साली तिनं आपल्या परगण्यात ‘इमॅजिनेशन लायब्ररी’ सुरू केली. जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या नावानं दर महिन्याला एक पुस्तक टपालानं घरी येतं, मोफत. आज ही योजना कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियापर्यंत गेली आहे आणि वाटलेल्या पुस्तकांची संख्या वीस कोटींच्या पुढे गेली आहे. वडील 2000 साली गेले, पण योजना वाढताना त्यांनी पाहिली. मुलं डॉलीला ‘पुस्तकवाली बाई’ म्हणतात हे त्यांना तिच्या सगळ्या गाण्यांहून जास्त आवडायचं, असं ती सांगते.

‘मग हिला क्लासला घालू की नको?’ हा प्रश्न शेवटी येतोच. जरूर घाला. स्वर पक्के होऊ देत, ताल कळू दे, दुसऱ्यांची उत्तम गाणी शंभर वेळा म्हणू देत. डॉलीनंही मामा-मावश्यांकडून, चर्चमधून, रेडिओवरून घेतलंच की. फक्त शिक्षक निवडताना एवढं बघा की मुलगी ‘हे मी केलंय’ म्हणून काही पुढे करते तेव्हा ते ऐकून घेतात की ‘आधी अलंकार म्हण’ म्हणतात. पहिल्याच भेटीत त्यांना सांगा की ही स्वतः रचते. लाजू नका, ‘असंच काहीतरी करते’ असं म्हणू नका. मुलगी शेजारी उभी असते आणि ते ‘असंच काहीतरी’ तिला ऐकू जातं.

माझ्या वर्गात शनिवारी तासाच्या शेवटी मुलांनी स्वतःचं केलेलं म्हणायचं असतं. त्यावर मी काही दुरुस्ती करत नाही. मुलीला पाठवाल तेव्हा तिची वहीही पाठवा.